प्रवाळ बघायचं तर वेगळं तिकीट लावा

बीडहून मालवणला जायचं म्हणजे बार्शी, पंढरपूर, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरायचा. रात्री जेवून निघालं की दुसऱ्या दिवशी समुद्र दिसतो. याच रस्त्यानं आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरकडं जातात. त्यातल्याच काही घरांतली, आता नोकरीला लागलेली लेकरं ‘स्नॉर्कलिंग करायचंय’ म्हणून माझी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. म्हणजे खाली जे म्हणणार आहे, ते माझ्याच धंद्याला महाग पडणारं आहे. तरी म्हणतो. मालवणचं प्रवाळ बघायला वेगळं तिकीट लावा आणि रोज किती होड्या सोडायच्या ते ठरवून टाका.

तिथं काय चालतं ते बघा. मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याजवळ होडी नांगर टाकते. ज्यानं जन्मात विहिरीत पाय सोडला नाही असा माणूस जॅकेट चढवून, तोंडात नळी धरून पाण्यात उतरतो. होडीवरचा पोरगा बिस्किटाचा पुडा फोडतो, पट्ट्यापट्ट्यांचे मासे तोंडासमोर गर्दी करतात, कॅमेऱ्यात व्हिडिओ होतो, की पुढचा गडी. घाबरलेल्याचा पाय हमखास खाली टेकतो आणि खाली असतं प्रवाळ. वर आल्यावर तक्रार एकच : रंगीत कुठंय? मोबाइलवर तर लाल-जांभळं होतं!

मालवणचं प्रवाळ बरंचसं करडं, तपकिरी, ढेकळासारखं. दिसायला दगड, पण ती बारक्या जिवांची वसाहत असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न पुरवतं आणि रंगही. असा गोळा वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतो. आपल्या एका टाचेखाली किती वर्षं जातात, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. मुंबईहून क्रूझनं लोक लक्षद्वीपचं प्रवाळ बघायला जातात, तिथं २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर हेच झालं. समुद्र तापतो तो मालवणच्या हातात नाही, कबूल. नांगर, टाच आणि बिस्किट मात्र आपल्याच हातात आहे.

कायदा नाही असंही नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला प्रवाळ बसलेलं आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. आमच्या पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य जवळपास तेवढंच. तिथं कुणी मोराच्या घरट्यात पाय घालून फोटो काढला तर गाव अंगावर येईल. पाण्याखालचं दिसत नाही, म्हणून तिथं सगळं खपतं.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, त्यात मला वावगं दिसत नाही. अभयारण्य म्हटलं की मासेमारी बंद होणार ही धास्ती, आणि पोट कुणालाही चुकलेलं नाही. म्हणूनच तिकिटाचा पैसा मुंबईला न जाता तिथल्याच होडीवाल्यांच्या, मच्छीमारांच्या हाती राहिला पाहिजे. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं लहानसं बेट आहे. क्रूझच्या जहाजांतून तिथं माणसांचे लोंढे उतरतात. त्यांनी १९७९ मध्येच सागरी उद्यान केलं आणि १९९२ पासून डायव्हिंग करणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला लागले. प्रवाळावर नांगर टाकायला बंदी. होडी बांधायची ती कायमच्या बोयांना. डायव्हिंगला उतरण्याआधी नियम समजावून घ्यावे लागतात. धंदा बुडाला नाही, उलट प्रवाळासाठीच लोक अजून तिथं जातात.

माझं गिऱ्हाईक कुरकुर करेल, हे मी गृहीत धरलंय. धाब्यावर शंभराची जास्तीची भाजी मागवणारा माणूस समुद्रात शंभर रुपये जास्त म्हटलं की भांडतो. भांडू द्या. गेल्या हंगामात एका काकांनी मलाच सुनावलं, ‘‘बिस्किट नाही टाकलं तर मासे कशाला येतील रे बाबा?’’ मी म्हटलं, ‘‘काका, ते तिथंच राहतात. आलोय आपण.’’

पावसाळ्यात मालवणचे जलक्रीडा प्रकार बंद असतात, ते १ सप्टेंबरनंतर सुरू होतात. बोये टाकायला, होड्यांचे नंबर लावायला आणि बिस्किटाचे पुडे जेटीवरच अडवायला तेवढी सवड पुरे आहे.