टाळ्या वाजवल्यात, आता हात द्या

महापेच्या एमआयडीसीत कायम नोकरी करणाऱ्याला पीएफ ठाऊक असतो, ग्रॅच्युइटी ठाऊक असते. म्हातारपणाची थोडीफार सोय पगाराच्या चिठ्ठीतच झालेली असते. आपल्या दोन पिढ्यांना हसवणाऱ्या, नाचवणाऱ्या कलावंतांच्या नशिबी तो रकाना नव्हता. काम थांबलं की पैसा थांबला, आणि पैशाबरोबर माणसांची ये-जाही.

भगवानदादा पालव गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 साली त्यांनी 'अलबेला' हा चित्रपट काढला आणि सारा देश त्यांच्या तालावर डोलला. जुहूला बंगला झाला, दारात गाड्या उभ्या राहिल्या. पुढचे चित्रपट पडले, सगळं विकावं लागलं. 2002 च्या फेब्रुवारीत दादरच्या चाळीत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच्या आदल्याच महिन्यात विठाबाई नारायणगावकर गेल्या. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या या तमाशासम्राज्ञीचं रुग्णालयाचं बिल देणगीदारांनी भागवलं. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. तो द्यायलाच हवा. पण विठाबाईंना गरज होती ती हयातीत. 2023 च्या जुलैत अभिनेते रवींद्र महाजनी तळेगाव दाभाडेच्या घरात एकटेच गेले, आणि ते शेजाऱ्यांना लगेच कळलंही नाही.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येतं: "कमावलं तेव्हा उधळलं, आता भोगा." काहींच्या हातून चुका झाल्या, हे खरं. पण चुका आपल्या घरातही होतात, आणि म्हणून आपण घरच्या म्हाताऱ्या माणसाचं औषध बंद करत नाही. शिवाय कुणाला आजाराने गाठलं, कुणाला जवळच्यांनी फसवलं, हे बाहेरून आपल्याला काय कळणार?

खेळाडूंचंही तेच. क्रिकेटपटू विनोद कांबळीचं उदाहरण ताजं आहे. वय म्हातारपणाचं नाही, पण प्रकृतीने आधीच साथ सोडलेली. 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकणारा हा डावखुरा फलंदाज 3 डिसेंबर 2024 ला शिवाजी पार्कवर आपले प्रशिक्षक आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणाला आला. त्याचं थकलेपण मोबाइलवर टिपलं गेलं आणि घरोघरी चेष्टेचा विषय झालं. त्याच महिन्यात तो भिवंडीच्या रुग्णालयात दाखल झाला. पुढे सुनील गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने त्याला दरमहा 30,000 रुपये आयुष्यभर द्यायचं ठरवलं. मदत अशी असावी: दर महिन्याला ठरलेली, हात पसरायला न लावणारी.

महापेकरांनो, आपल्याला हे जमण्यासारखं आहे. कंपनी कायद्यानुसार इथल्या मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कला-संस्कृतीचं जतन आणि ज्येष्ठांसाठीच्या सुविधा ही दोन्ही कामं त्या यादीत आहेत. तुम्ही अशा कंपनीत असाल तर एचआरकडे हा विषय लेखी मांडा. वृक्षारोपणाच्या फोटोशेजारी एखाद्या वृद्ध कलावंताचा औषधखर्चही बसू द्या, आणि त्याचा मात्र फोटो काढू नका.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, महिना 5,000 रुपयांची. पण अर्ज, दाखले, पुरावे हे सत्तरीतल्या माणसाला एकट्याने झेपत नाही. आपल्या तरुणांनी एक रविवार काढून तो अर्ज भरून द्यावा. आणि शोध गावापासूनच सुरू करावा. महापे, घणसोली, कोपरखैरण्याच्या आगरी घरांत लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारिणी, नाटकात उभे राहिलेले नट, भजनी बुवा यांतलं कोण कसं जगतंय, याची विचारपूस करा. आपल्या गावात हेच प्रसिद्ध लोक होते.

गणेश मंडळांनी यंदाच्या वर्गणीतला ठरावीक वाटा अशा एका कलावंताच्या नावे काढून ठेवावा. आणि प्रत्येकाने एवढं तरी करावं: पडलेल्या, थकलेल्या, तोल गेलेल्या कलावंताचा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्यालाही थांबवावं.

पुरस्कार मागाहून देता येतात, पुतळे मागाहून उभारता येतात. औषध वेळेवरच द्यावं लागतं. तुमच्या ओळखीत असा एक कलावंत नक्की असेल. या आठवड्यात त्याच्या दारी जा, आणि पुढच्या महिन्यातही जा.