पूर्वपदावर

माझ्या मामेभावाने मोटारीच्या स्प्रिंगा कापून गाडी बुटकी केली. कारण विचारले तर म्हणे, "दिसाले झकास पायजे!"

मित्रहो, आपला अमरावती-अकोला रस्ता काळ्या मातीवरचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रस्ता उंचसखल करते. २०२२ साली याच मार्गावर लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन जागतिक विक्रम झाला. पण गावोगावचे गतिरोधक कुठे गेले?

कापलेली स्प्रिंग ताठर होते आणि तिला दबायला जागाही उरत नाही. आजीला अकोल्याच्या दवाखान्यात नेताना प्रत्येक धक्का तिच्या मणक्यात गेला. भाऊ ओशाळला. मेकॅनिक म्हणाला, "कापलेली जोडता येत नाही भाऊ, नवीच टाका लागते." मूळ मापाच्या चारही स्प्रिंगा बसल्या, चाकांची अलाइनमेंट झाली, दिव्यांचा झोत पुन्हा जुळवला.

मित्रांनी याला माघार म्हटले. मला तसे वाटत नाही. गाडीची मूळ उंची माणसे, सामान आणि खड्डे यांचा हिशेब करून ठरलेली असते. तो हिशेब उशिरा का होईना, समजणे महत्त्वाचे.

परवा आजीनेच विचारले, "आता कवा नेतं रे अकोल्याले?"