फ्री डिशवरचं चॅनल गायब? आधी ‘नेटवर्क सर्च’ सुरू करा

समजा, राजोडीच्या किनाऱ्याला वादळाचा इशारा आहे. आजीने ‘सह्याद्री’साठी रिमोट दाबला, तर स्क्रीन कोरी. असं का होतं?

डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. खासगी चॅनल्सच्या जागा ई-लिलावाने ठरतात, म्हणून चॅनल्सची अदलाबदल होते. सेट-टॉप बॉक्सकडे मात्र जुनेच पत्ते राहतात.

मग आपण ‘ब्लाइंड स्कॅन’ करतो. म्हणजे पत्ता नसताना गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावणं. बॉक्स एकेक फ्रिक्वेन्सी तपासत बसतो, त्यात वेळ जातो.

खरं तर सिग्नलमध्येच पत्त्यांची यादी सतत येत असते. तिला एनआयटी, म्हणजे नेटवर्क इन्फर्मेशन टेबल म्हणतात. ‘नेटवर्क सर्च’ सुरू असेल, तर एक ट्रान्सपॉन्डर सापडताच बॉक्स ही यादी वाचून थेट बाकीच्यांकडे जातो. चॅनल्सची नावं एसडीटी या दुसऱ्या यादीतून मिळतात.

यादी अचूक ठेवणं प्रसारकाचं काम आहे. ती रात्री स्टँडबायमध्ये आपोआप वाचणं बॉक्सचं काम असायला हवं. वादळाच्या वेळी मेन्यू धुंडाळणं आजीच्या माथी नको.