पोटातील कळ आणि तपासणीची निवड

पोटात एकाएकी कळ उठली की व्यापारी घरातील माणूस प्रथम ती पित्तावर किंवा वातावर ढकलतो. दुकानात गिऱ्हाईक बसलेले असते, मालाची गाडी उतरवून घ्यायची असते; चिमूटभर ओवा तोंडात टाकून दिवस निभावला जातो. रात्री दुखणे असह्य झाले की सारे घर घाबरते आणि चर्चा सुरू होते ती यंत्रांची. सोनोग्राफी करावी की थेट सीटी स्कॅनच करून टाकावा? परंतु या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असतो. नेमका कोणता आजार शोधावयाचा आहे? त्याचे उत्तर यंत्र देत नाही. ते रुग्णाची हकीकत ऐकून आणि पोटाला हात लावून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

सोलापुरात तपासणीच्या सोयींची आज वाण नाही. १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे आहे. सहकारी व खासगी रुग्णालयेही आहेत. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट येथून, तसेच धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या बाजूंनीही रुग्ण येथे येतात. सोयी वाढल्या, तशी निवड मात्र अवघड झाली. ऐपत असलेल्या कुटुंबाला वाटते की सर्वांत महाग तपासणी तीच सर्वांत चांगली. वास्तविक व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये. सराफाच्या काट्यावर धान्याचे पोते तोलत नाहीत आणि मालमोटारीच्या वजनकाट्यावर सोने तोलत नाहीत. दोन्ही काटे खरे असतात. प्रश्न असतो तो माल कोणता याचा.

क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ साली लावला. पोटदुखीत साध्या एक्स-रेचे काम आज मर्यादित राहिले आहे, परंतु ते संपलेले नाही. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडले असेल, तर उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवा दिसू शकते. आतडे अडल्याची खूणही पोटाच्या एक्स-रेत पुष्कळदा सापडते. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातील गाठी पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातूनच आजची सोनोग्राफी वाढली. तिच्यात किरणोत्सार नाही आणि ती रुग्णाच्या खाटेशीही करता येते. मात्र आतड्यातील वायू आणि पोटावरील चरबी यांच्या आड तिची नजर अडते. सीटी स्कॅनने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि त्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला वायूचा अडथळा होत नाही व सारे पोट काही सेकंदांत टिपले जाते.

आता दुखण्याची जागा पाहावी. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीकडे वा खांद्याकडे जाते आणि ताप आहे, तर पित्ताशयातील खड्यांची शंका येते. येथे सोनोग्राफीच पहिली. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरणारे दुखणे अपेंडिक्सचे असू शकते. मुले व तरुण स्त्रिया यांच्यात प्रथम सोनोग्राफी करतात. शंका उरली तर पुढचा विचार होतो. प्रौढांमध्ये सीटी स्कॅन अधिक खात्रीचा ठरतो. कमरेपासून जांघेकडे उतरणारी कळ मूतखड्याची असेल, तर कॉन्ट्रास्ट औषध न देता केलेला सीटी स्कॅन खडा सर्वांत नेमका दाखवतो. स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर निदान बहुधा रक्ताच्या तपासणीनेच होते. सोनोग्राफी करतात ती मुळाशी पित्ताचा खडा आहे का हे पाहण्यासाठी. वृद्ध माणसाला, विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला, असह्य कळ येते आणि हाताला मात्र पोट मऊ लागते, तेव्हा आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची भीती असते. अशा वेळी रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन विनाविलंब व्हावा लागतो.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात होणारी जळजळ किंवा दाब हा हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. चाळिशी ओलांडलेला, मधुमेह वा रक्तदाब असलेला माणूस घामाघूम होऊन पोट दुखते म्हणू लागला, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसण्याआधी त्याचा ईसीजी निघाला पाहिजे.

सीटी स्कॅनला त्याची किंमतही आहे आणि ती केवळ पैशांची नाही. पोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सार शरीरात जातो. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी मात्रा सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. खऱ्या संकटात हा धोका किरकोळ ठरतो; घरच्यांच्या समाधानासाठी वारंवार केलेल्या स्कॅनमध्ये तो व्यर्थ ठरतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची ॲलर्जी आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी चालू असल्याचे आधी सांगावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. पाळी चुकली असेल तर ते सासू वा नणंदेसमोर बोलले जात नाही. गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजला असेल आणि नळी फुटली, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी हा प्रश्न एकांतात विचारावा आणि घरच्यांनी तो एकांत द्यावा. गर्भवतीसाठी सोनोग्राफी हीच पहिली तपासणी. ती अपुरी पडली तर शक्य तेथे एमआरआयचा विचार होतो. १९९४ च्या कायद्यानुसार गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवावी लागते, म्हणून कागदपत्रे बरोबर असावीत.

उपवासाचेही तसेच आहे. पर्युषणातील दीर्घ उपवासात किंवा चौविहाराच्या नियमात शरीरात पाणी कमी जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर त्याचा ताण अधिक पडतो आणि मूतखड्याची शक्यता वाढते. प्रदीर्घ निराहारात पित्ताशयात पित्त साचून राहते. तेव्हा कितवा उपवास आहे आणि पाणी शेवटी कधी घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. व्रत लपवल्याने त्याचे रक्षण होत नाही. निदान मात्र चुकते.

सर्वांत घातक समज म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता चिंता नाही'. पहिल्या काही तासांत केलेल्या सोनोग्राफीत अपेंडिक्स पुष्कळदा दिसतच नाही. न दिसणे आणि निरोगी असणे यांत फार अंतर आहे. रिपोर्ट हातात असूनही दुखणे वाढत असेल, पोट फळीसारखे कडक होत असेल, उलट्या थांबत नसतील, वायू सरत नसेल किंवा भोवळ येत असेल, तर कागद बाजूला ठेवून रुग्णाला पुन्हा तपासून घ्यावे. लंडनचे शल्यविशारद झॅकरी कोप यांनी १९२१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. चांगल्या प्रकृतीच्या माणसाची तीव्र पोटदुखी सहा तासांहून अधिक टिकली, तर ती शस्त्रक्रियेची असण्याचा संभव मोठा, ही त्यांची शिकवण शल्यचिकित्सक आजही मानतात. म्हणून एरंडेल पाजणे, पोट शेकणे आणि वेदनाशामक गोळ्यांवर रात्र काढणे हे उपाय घरात होऊ नयेत.

रुग्णालयात जाताना कुटुंबाने चार गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात: कळ केव्हा सुरू झाली, कोठून कोठे सरकली, शेवटचे अन्नपाणी केव्हा घेतले आणि कोणती औषधे चालू आहेत. मग डॉक्टरांना 'स्कॅन करा' असे न सांगता 'या तपासणीतून काय कळणार आणि त्याने उपचार बदलणार का' असे विचारावे. जी तपासणी या प्रश्नाला उत्तर देते, ती त्या रुग्णासाठी योग्य. मग ती स्वस्त असो वा महाग.