पुढची खुर्ची आणि ढोरांचा वर्ग



२००९ साली पावसाने दगा दिला. देशात दुष्काळ पडला म्हणून दिल्लीच्या सरकारने काटकसरीचे सोंग आणले आणि मंत्र्यांना सांगितले, विमानात पुढच्या महागड्या खुर्चीवर बसू नका, मागे चार लोकांत बसा. तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी त्या मागच्या भागाला थट्टेने 'कॅटल क्लास' म्हटले. कॅटल म्हणजे ढोरे. दिल्लीत मोठा गहजब झाला. आम्हाला मात्र राग आला नाही. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या घराला ढोरांचे वावडे कसले? आमचा प्रश्न वेगळा होता. विमानाचा मागचा भाग ढोरांचा, तर धामणगावला रात्री जनरल डब्यात दारात लोंबकळत चढणारा बाभुळगावचा कास्तकार कोणत्या वर्गात?

पुढची खुर्ची म्हणजे काय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. विमानाच्या तोंडाशी पडदा लावलेला असतो. पडद्यापलीकडे रुंद खुर्च्या, पाय लांब करायला जागा, तोंड पुसायला गरम टॉवेल, चिनी मातीच्या ताटात जेवण. सामान द्यायची रांग वेगळी, चढायला आणि उतरायला पहिला मान. मुंबईला मात्र पुढचा आणि मागचा एकाच वेळी पोचतो. वर्षानुवर्षे एकाच वर्गाची विमाने चालवणाऱ्या इंडिगोनेसुद्धा नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर अशा बारा खुर्च्या लावल्या. एका बाजूचे भाडे सुरुवातीलाच १८,०१८ रुपये. प्रवास दोन-सव्वादोन तासांचा.

आता आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे ती एक खुर्ची सव्वादोन क्विंटल कापसाची, नाहीतर पावणेपाच क्विंटलांहून जास्त ज्वारीची. तीही हमीभाव हातात पडला तर. खेडा खरेदीवाल्याने ओलाव्याची कटती मारून जो भाव दिला, त्याने मोजले तर खुर्ची आणखी महाग होते. त्या गरम टॉवेलात कापूस कोणाचा, हे विचारायचे आम्ही सोडून दिले आहे.

यावर शहाणे लोक म्हणतील, शेतकऱ्यांना पैसेवाल्यांचा हेवा वाटतो. नाही वाटत. स्वतःच्या कमाईने कोणी खुर्चीच काय, अख्खे विमान घ्यावे, आमचा त्याला रामराम. पण त्या खुर्चीचे पैसे खरोखर कोण भरतो, एवढे तपासू द्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने पुढच्या वर्गाच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के केला. वर्तमानपत्रांनी लिहिले, चैनीवर कर वाढला. बरोबर. मग बोंडअळीवर मारायच्या रासायनिक औषधावर किती? तेही १८ टक्केच. काही जैविक औषधे ५ टक्क्यांवर आणली, पण कृषी केंद्रातून आपण जी बाटली आणतो तिच्यावर १८ कायम. म्हणजे सरकारच्या वहीत गरम टॉवेल आणि फवारणी एकाच रकान्यात. याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करता करता विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यांची चैन ती कोणती?

खरी मेख पुढेच आहे. कंपनीचा साहेब कंपनीच्या कामासाठी २०,००० रुपयांचे तिकीट काढतो, वर ३,६०० जीएसटी. हे ३,६०० कंपनी आपल्या देण्याच्या जीएसटीतून वळते करून घेते. उरलेले २०,००० धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात, त्यामुळे आयकर साधारण पाव हिश्श्याने, म्हणजे ५,००० रुपयांनी वाचतो. २३,६०० ची खुर्ची कंपनीला १५,००० च्या घरात पडते. बाकीचे सरकारी तिजोरी सोसते. कास्तकाराने हजाराच्या औषधावर भरलेले १८० रुपये मात्र गेले ते गेले. त्याची नोंदणी नाही, वळते करायला दुसरा कर नाही. शेतकऱ्याला आयकर माफ आहे, असे कोणी टोकले तर त्याला विचारा, कोरडवाहू पऱ्हाटीच्या पाच एकरांत कर लावण्याजोगा नफा दाखवतोस का?

कर्जाचे पहा. एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा, ऑगस्ट २०२१ अखेर, तिच्यावर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. टाटांनी १५,३०० कोटी अंगावर घेतले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारने आपल्या कंपनीकडे वळवले, म्हणजे तुमच्याआमच्या माथी. ते सगळे पुढच्या खुर्चीपायी झाले असे आम्ही म्हणत नाही, तो कारभारच तसा होता. पण २००८ ची कर्जमाफी आठवा. अर्थसंकल्पात ६०,००० कोटींचा आकडा आला आणि देश बुडाला म्हणून शहरात केवढी ओरड झाली! त्यातही अट दोन हेक्टरची. ओलिताचे पाच एकर आणि कोरडवाहूचे पाच एकर एकाच मापाने मोजले. सहा एकर मुरमाड जमिनीचा विदर्भातला कास्तकार 'मोठा शेतकरी' ठरला, त्याला सांगितले, आधी बाकी भर, मग थोडी सूट घे. महाराजाला कोणी सातबारा मागितला नाही.

आणि भावाचे स्वातंत्र्य? दिवाळीत विमानाचे भाडे दुप्पट होते, त्याला बाजार म्हणतात. आमच्या कापसाला २०१० आणि २०१२ मध्ये बाहेर भाव मिळत होता, तेव्हा निर्यात रोखली. १९ ऑगस्ट २०२५ ला, आमची पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आधी सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरपर्यंत. कारण गिरण्यांना स्वस्त कापूस हवा. त्याच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, भाडी भडकली, आणि चार-पाच दिवसांत सरकारने मागच्या वर्गाच्या भाड्यावर कमाल मर्यादा घातली. पुढच्या खुर्चीला त्यातून वगळले. तिचा भाव तेवढा मोकळा राहिला. भाव मोकळा कसा ठेवायचा हे सरकारला येत नाही, असे आता कोणी आम्हाला सांगू नये. कापसालाही तसाच ठेवा, आम्हाला गरम टॉवेल नको.

बाभुळगावच्या बैठकीला येताना प्रत्येकाने या हंगामातली औषधांची बिले आणावीत. ज्यांच्याकडे पक्के बिल नाही त्यांनी दुकानदाराकडे जाऊन मागून घ्यावे, तो हक्क आहे. बिलावर जीएसटीचा रकाना असतो, तेवढ्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. गावनिहाय बेरीज बैठकीतच करू.