काळ्या समासांचे समर्थन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. एके दुपारी त्याने आमच्या संगणकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना खेळ सुरू केलेला आम्ही पाहिला. १९९० साली पीसीवर आलेला हा खेळ आमच्या पिढीतील अनेकांनी संगणकाच्या तासाला, सरांची पाठ वळताच, चोरून खेळलेला आहे. साहजिकच आम्हांला आनंद झाला. परंतु तो क्षणभरच टिकला. रुंद पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेल्या चित्रात तो सडपातळ नायक एखाद्या सुखवस्तू सावकारासारखा दिसत होता. आम्ही सेटिंगमध्ये शिरून चित्राचे मूळ प्रमाण परत आणले. दोन्ही बाजूंस काळे पट्टे उमटले. भाचा म्हणाला, "मामा, एवढी स्क्रीन फुकट का घालवायची?" आम्ही "ते असंच असतं" एवढेच बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर पुरेसे नव्हते, हे आमचे आम्हांलाच जाणवत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घडते काय ते पाहू. जुना सीआरटी मॉनिटर काचेवर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवून चित्र रेखाटत असे. ३२०×२०० असो, ६४०×४८० असो वा १०२४×७६८, तो त्या त्या मापाशी जुळवून घेई, आणि त्याच्या काचेचे रुंदी-उंचीचे प्रमाण बहुधा ४:३ असे. एलसीडी पडद्याचे तसे नाही. त्याच्या पेशी कारखान्यातच मोजून बसवलेल्या असतात. आजच्या सामान्य रुंद पडद्यावर आडव्या १९२० आणि उभ्या १०८०, त्यात एकही कमी-अधिक होणे नाही. अशा पडद्यावर ४:३ चे चित्र पूर्ण उंचीने दाखवले तर ते १४४० पेशींची रुंदी व्यापते आणि दोन्ही बाजूंस २४० पेशी रिकाम्या राहतात. त्या भरून काढायच्या तर चित्रातील प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद करावी लागते. वर्तुळाची लंबगोल आकृती होते, चंद्राचा अंडाकार होतो, आणि माणसाचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

'प्रिन्स'च्या बाबतीत हा अपराध विशेष गंभीर आहे. या खेळाचा कर्ता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक चौकट रेखून नायकाच्या हालचाली सिद्ध केल्या. दरीच्या काठाशी तोल सावरणारे, उडीपूर्वी किंचित झुकणारे ते शरीर एका खऱ्या मुलाचे आहे. ना रंगांची श्रीमंती, ना पात्रांची गर्दी. त्या खेळाचे सारे सौंदर्य एका मानवी देहाच्या प्रमाणात आहे. नेमके तेच प्रमाण आपण रिकामी जागा दिसू नये एवढ्यासाठी मोडतो.

येथे शुद्धतावादी मित्र म्हणतील की मग फाइलमध्ये जसे आहे तसेच दाखवा. पण तेथेही गोम आहे. या खेळाचे चित्र ३२०×२०० मापाचे, म्हणजे कागदावर ८:५ प्रमाणाचे. दाखवले जाई मात्र ४:३ च्या काचेवर. म्हणजेच त्या काळचा प्रत्येक पिक्सेल चौरस नसून रुंदीच्या १.२ पट उंच होता, आणि चित्रकाराने चित्र काढले ते समोरच्या काचेत पाहून. आज तेच पिक्सेल चौरस मानून दाखवले, तर ताणाताणी न करताही नायक बसका दिसतो. तात्पर्य, मूळ कृती केवळ फाइलमध्ये नाही. ती फाइल आणि काच यांच्या संयोगात होती. जुन्या ग्रंथाचा संपादक केवळ अक्षरे उतरवून थांबत नाही. लेखकाच्या काळी ती कशी वाचली जात, याचाही विचार करतो. येथेही तेवढा विवेक लागतो. सीआरटीच्या काचेची ती मऊ झळाळी आपण परत आणू शकणार नाही, हे मान्य. प्रमाण मात्र हमखास आणू शकतो, आणि जे शक्य आहे ते टाळण्यास सबब नाही.

दुसरा प्रश्न स्पष्टतेचा. ६४०×४८० चे चित्र १०८० च्या उंचीत बसवायचे तर एका पिक्सेलला सव्वादोन पेशी द्याव्या लागतात. पाव पेशी कोठून आणणार? मग शेजारशेजारच्या रंगांची सरमिसळ केली जाते आणि अक्षरांवर धुके पसरते. सरमिसळ टाळली तर काही रेघा दोन पेशींच्या, काही तीन पेशींच्या होतात आणि चित्र दातेरी दिसते. यावरचा उपाय अगदी प्राथमिक शाळेतला आहे: पूर्णांकानेच गुणावे. ६४०×४८० ची दुप्पट १२८०×९६०. वर-खाली साठ-साठ आणि दोन्ही बाजूंस ३२० पेशी मोकळ्या सोडाव्यात, चित्र लख्ख दिसते. ३२०×२०० ला आडवे पाचाने व उभे सहाने गुणले की बरोबर १६००×१२०० होते. रेषाही नेटक्या आणि प्रमाणही ४:३. त्यासाठी १२०० पेशींची उंची मात्र हवी. इतका साधा हिशेब ग्राफिक्स कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये यायला २०१९ साल उजाडावे लागले. तोवर बहुतेकांची नजर धुक्याला सरावली होती.

तिसरी बाब खुद्द खेळाची. १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' ८००×६०० वर चालवला की डोळ्यांसमोर येणारा मुलूख मर्यादित असतो. सैन्य सीमेवर, लक्ष शेतात, आणि शत्रू कोठून येईल याची धाकधूक. हाच खेळ, चित्रांचा आकार तोच ठेवून, १९२०×१०८० वर चालवला तर एका दृष्टिक्षेपात चौपटीहून अधिक जमीन दिसते. सोय होते खरी, पण ती धाकधूक पातळ होते. दृष्टीची टंचाई हाही त्या खेळाचा एक नियम होता, हे तेव्हा ध्यानात येते.

आक्षेप अर्थातच आहेत. काउंटर-स्ट्राइकचे अनेक व्यावसायिक खेळाडू मुद्दाम ४:३ चे चित्र ताणून खेळतात. समोरचा गडी रुंद दिसतो म्हणून कडेचे दृश्य गमावण्यास ते राजी असतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. काय मोडतो आहोत हे त्यांना ठाऊक असते. तसेच ज्यांचे यंत्र दुबळे आहे त्यांच्याशीही नाही. १२८०×७२० वर १९२०×१०८० च्या निम्म्याहूनही कमी पिक्सेल रंगवावे लागतात; जुन्या कार्डाला तेवढाच श्वास मिळतो. परिस्थितीने केलेल्या काटकसरीला आम्ही कोण नावे ठेवणार? अशा वाचकांस एवढेच सुचवू की अलीकडच्या बऱ्याच खेळांत पडद्याचे मूळ माप कायम ठेवून केवळ आतले दृश्य कमी मापाने रंगवण्याची सोय असते. ती वापरावी, निदान अक्षरे तरी ठळक राहतात.

आमचे भांडण आहे ते जागा भरलीच पाहिजे या हट्टाशी. हा हट्ट खेळांपुरता नाही. आपल्या चौकाचौकांतील वाढदिवसाचे फ्लेक्स पाहावेत. बोर्ड मोठा म्हणून भाऊंचा चेहरा आडवा ताणलेला आणि शुभेच्छांची अक्षरे दोन्ही कडांना टेकलेली. घराघरांतील रुंद टीव्हीवर 'संत तुकाराम' (१९३६) लागतो तेव्हा विष्णुपंत पागनीसांचा तो कृश, शांत चेहरा रुंदावलेला दिसतो आणि घरात कोणालाच काही खटकत नाही. पैसे साऱ्या काचेचे दिले, मग काच सारी वापरलीच पाहिजे, हा व्यवहार झाला. कृतीकडे पाहण्याची ती रीत नव्हे.

आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना कागद आजच्याहून कितीतरी दुर्मीळ होता. तरीही मजकुराच्या दोन्ही बाजूंस त्यांनी समास सोडले. अक्षरे पसरट करून ते भरून काढण्याचे त्यांच्या मनात आले नाही. समास वाया गेलेली जागा नव्हती. मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे तो सांगत असे. पडद्यावरचे काळे पट्टेही तेच सांगतात: ही वस्तू आपल्या काळाची नाही, ती दुसऱ्या मापाने घडली आहे, तिच्याकडे तिच्या मापाने पाहा.

आणि धोका आमच्या पिढीला नाहीच. आम्ही मूळ चित्र पाहिले आहे. ताणलेले पाहताना मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो. भाच्याकडे ती दुरुस्ती नाही. त्याच्या लेखी जाडा नायक हाच खरा नायक, आणि काही वर्षांनी तो आपल्या मुलांना तोच दाखवील. चूक अशीच मुकाट्याने मूळ होऊन बसते.

सुट्टी संपवून तो घरी परतला. आता आमच्या संगणकावर तो खेळ मूळ प्रमाणात, दोन्ही समासांसह चालतो. तो पुन्हा येईल तेव्हा त्यास हा लेख वाचावयास देऊ. पटला नाही तर त्याने पुन्हा ताणून खेळावे. पण काय ताणतो आहोत हे जाणून.