दारावरची पाटी पाहून दाखल होऊ नका

दिल्लीच्या विवेक विहारमध्ये २५ मे २०२४ च्या रात्री नवजात बाळांच्या एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि त्यात बाळं दगावली. रुग्णालयाचा परवाना ३१ मार्चलाच संपला होता, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. तोही पाच खाटांचा. आत बाळं होती त्याच्या दुपटीहून जास्त. अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाही नव्हता. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला दहा बाळं आगीतच गेली. म्हणजे खासगी काय नि सरकारी काय, चौकशी दोन्हीकडे हवी.

पण तान्हं मूल अत्यवस्थ असताना परवान्याची तारीख विचारायचं कुणाला सुचणार? म्हणून दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादमधल्या मराठी घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घरात सगळे ठणठणीत असतानाच जवळच्या दोन-तीन रुग्णालयांची माहिती काढून ठेवा. गावाकडून उपचारांसाठी येणारे काका-मावशी तुमच्याच भरवशावर येतात.

आधी परवाना आणि मानांकन यांत गल्लत करू नका. परवाना सक्तीचा असतो. दिल्लीत तो १९५३ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली मिळतो. नोएडा आणि गुरुग्राम दुसऱ्या राज्यांत असल्यामुळे तिथे २०१० चा केंद्रीय कायदा चालतो. मानांकन मात्र रुग्णालय स्वतःहून मागतं. ते देणारं मुख्य मंडळ एनएबीएच, भारतीय गुणवत्ता परिषदेचं. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून एनक्यूएएस ही वेगळी राष्ट्रीय मानकं आहेत.

एनएबीएचची तपासणी कशी होते, हे कळलं की काय विचारायचं तेही कळतं. रुग्णालय आधी स्वतःच स्वतःला तपासून अर्ज करतं. मग बाहेरचे प्रशिक्षित तपासनीस येतात. त्यांत डॉक्टर, परिचारिका, रुग्णालय चालवण्याचा अनुभव असलेली माणसं असतात. ते फायली पाहतात, पण वॉर्डातही फिरतात. आग लागली तर पेशंट कुठून बाहेर काढणार, हे वॉर्डबॉयला सांगता आलं पाहिजे. औषध देण्यापूर्वी नर्सनं पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवायची असते, उदाहरणार्थ नाव आणि नोंदणी क्रमांक. 'पाच नंबरची खाट' ही ओळख धरली जात नाही. नावं सारखी वाटणारी औषधं वेगळी ठेवलीत का, ऑपरेशनच्या संमतीपत्रातला मजकूर पेशंटला त्याच्या भाषेत समजावलाय का, हात धुण्याची शिस्त आहे का, यंत्रं वेळच्या वेळी तपासली जातात का, सगळं पाहिलं जातं. त्रुटी निघाल्या तर दुरुस्तीचा पुरावा द्यावा लागतो. निर्णय त्यानंतर होतो. मधल्या काळात पुन्हा पाहणी होते. या मानकांची सहावी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. तिच्या दहा प्रकरणांतली पहिली पाच थेट रुग्णाविषयी आहेत.

ही मेहनत मोलाची आहे, आणि ती करणाऱ्या रुग्णालयांना मी मानतो. तरी प्रमाणपत्राला मुदत असते. ते एका पत्त्याचं असतं: साखळी रुग्णालयाच्या दिल्लीतल्या शाखेला मिळालं म्हणजे गुरुग्रामच्या शाखेलाही मिळालं, असं नव्हे. प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र वेगळं, पूर्ण मानांकन वेगळं, आणि नुसता अर्ज केलाय म्हणजे तर काहीच नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, मुदत पाहता येते. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगितलं तर ती पाच मिनिटांत काढून देईल. बिल वाजवी असेल किंवा सर्जनचा हात चांगला असेल, याची हमी मात्र त्यात शोधू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत (सीजीएचएस) मानांकित रुग्णालयाला दर जास्त मिळतात, त्यामुळे पाटी ठळक लावण्यात त्यांचाही फायदा असतो. उलट कॉलनीतल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होमकडे मानांकन नसेल, पण परवाना आणि अग्निसुरक्षेचा दाखला चालू असेल, जिना मोकळा असेल, रात्री डॉक्टर हजर असेल, तर साध्या आजारासाठी मी तिथे निर्धास्त जाईन.

दाखल झाल्यावर गप्प राहू नका. मनगटावरच्या पट्टीतलं नाव बरोबर आहे ना, ते वाचा. नर्सनं इंजेक्शन आणलं की कशाचं आहे ते विचारा, आणि आईला कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर दर पाळीच्या नर्सला पुन्हा सांगा. हिंदी मोडकी असली तरी चालेल. संमतीपत्र इंग्रजीत पुढे केलं तर समजेपर्यंत सही करू नका. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही, आणि रुग्णालय मानांकित असेल, तर ती तक्रार मंडळाकडेही पाठवता येते. तपासनीस वॉर्डात रुग्णांशी, नातेवाइकांशीही बोलतात. त्यांनी विचारलं तर भिडेखातर 'सब ठीक है' म्हणू नका. रात्री घंटा वाजवल्यावर नर्स किती वेळानं आली, तेही सांगा.